दिसणारं आणि चालणारं : टाइपरायटरपासून टचस्क्रीनपर्यंत

(वर्धा इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



वर्ध्यात कुणी यंत्रांवर बोलायला उभं राहिलं की श्रोते चरख्याची वाट बघायला लागतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, आज चरखा नाही. (हशा) आज टाइपरायटर आहे आणि त्याच्या मागोमाग कॉम्प्युटरचा पडदा आहे. विषयाचं नाव जरा अवघड वाटेल : पडद्याचे नमुने बनवायची साधनं आणि संवादी प्रोग्रॅमिंग भाषा. पण विषय घरचाच आहे, तो कसा ते सांगतो.

तुमच्यापैकी मराठी टायपिंगचा क्लास कुणी केलाय? हात वर करा. बरेच आहेत की. तीस शब्दांची परीक्षा, लिपिकाच्या जागेसाठी. मग मला सांगा, टाइपरायटरवर 'ख' कसा काढायचात? बरोबर, दोन कळा. आधी अर्धा ख्, मग काना. 'ध', 'भ', 'श', 'ण' यांचीही तीच गत. आणि 'किती' लिहायचं असेल तर पहिली वेलांटी आधी, क नंतर. तोंडानं आपण 'कि' म्हणतो तेव्हा क आधी येतो. यंत्रावर वेलांटी आधी, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. म्हणजे त्या क्लासमध्ये तुमची बोटं अक्षरं शिकली नाहीत, अक्षरांचे तुकडे शिकली. काना हा एक दांडा. तो 'ख'चाही दांडा आणि 'का'चाही दांडा. यंत्राला त्यात फरक नाही, त्याच्या लेखी दोन्ही एकच चित्र. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटाकडे मला ती परत लागणार आहे.

आता विषय. आज कुठलंही ॲप किंवा वेबसाइट तयार होते तेव्हा सुरुवातीला एक नमुना करतात, त्याला प्रोटोटाइप म्हणतात. तो करायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे चित्र काढायचं. इथं बटण, इथं नावाची चौकट, बटणावर बोट ठेवलं की दुसरं चित्र समोर येतं. फिग्मासारखी साधनं हेच करतात आणि फार सुरेख करतात. दुसरी तऱ्हा म्हणजे एखाद्या संवादी भाषेत खरंच चालणारी वस्तू करायची. संवादी म्हणजे काय? एक ओळ लिहिली की लगेच उत्तर, चालू असलेल्या गोष्टीत हात घालून बदल करायचा आणि ती बंद न पडता बदललेली दिसायची. पहिल्या नमुन्यात सगळं दिसतं, पण आत काही नसतं. दुसरा दिसायला ओबडधोबड असेल, पण तो चालतो. यातलं बरं कोणतं, यावर या धंद्यातली माणसं तासन्‌तास भांडतात. मी इतिहासाच्या अंगानं बघतो तेव्हा मला प्रश्न वेगळा दिसतो. वस्तू अजून कच्ची असताना ती बदलायचा अधिकार कुणाच्या हातात आहे? साधनाची निवड पुष्कळदा त्या प्रश्नाचं उत्तर असते, आपल्या लक्षात येत नाही इतकंच.

वर्ध्यापासून सुरुवात करू. 1935 साली इंदूरला हिंदी साहित्य संमेलनाचं अधिवेशन झालं, अध्यक्ष गांधीजी. तिथं नागरी लिपीत सुधारणा सुचवायला एक समिती नेमली गेली आणि तिचं काम काकासाहेब कालेलकरांकडे आलं. काकासाहेब जन्मानं साताऱ्याचे, लेखणीनं गुजरातीचे आणि त्या काळात मुक्कामानं वर्ध्याचे. पुढच्याच वर्षी, 1936 मध्ये, राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, तिचं ठाणंही वर्धाच. आता इथल्या लोकांपुढे अडचण काय होती? नागरीचं छापकाम म्हणजे खिळ्यांचं जंगल. इंग्रजी जुळाऱ्याला एक केस पुरे, नागरीच्या जुळाऱ्याला जोडाक्षरांसकट कित्येकशे खिळे सांभाळावे लागत. टाइपरायटरवर तर जेमतेम नव्वद चिन्हांची जागा. काहीतरी कमी करणं भाग होतं.

एक उपाय पुढे आला तो 'अ'च्या बाराखडीचा. तो असा. आपण 'ओ' आणि 'औ' कसे लिहितो? 'अ'लाच काना, मात्रा देऊन. 'अं'सुद्धा 'अ'वरच. मग 'इ', 'ई', 'उ', 'ऊ', 'ए', 'ऐ' यांनाच वेगळे चेहरे कशाला? 'अि', 'अी', 'अु', 'अू', 'अे', 'अै' लिहा. सहा अक्षरं एका फटक्यात वाचली. तर्क बघा, बिनतोड आहे. यात गंमत अशी की रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत बसून सावरकरही हाच आग्रह धरत होते आणि किर्लोस्कर मासिकाच्या पानांवर तो छापून येत होता. गांधीजींची मंडळी आणि सावरकर एकाच मुद्द्यावर सहमत आहेत, असं उदाहरण मला दुसरं शोधून द्या. (हशा)

मला इथं महत्त्वाचं वाटतं ते हे, की वर्धेकरांनी नुसता अहवाल लिहिला नाही. त्यांनी तसं छापायला सुरुवात केली. राष्ट्रभाषेची पुस्तकं, नवजीवनची हिंदी प्रकाशनं त्या लिपीत निघाली, वर्षानुवर्षं निघाली. जुन्या ग्रंथालयात जा, अजून सापडतील. 'अिस', 'अुस', 'अेक' अशी सुरुवात असलेली पानं. हा चालता नमुना होता. खरे वाचक, खरी पुस्तकं, खऱ्या परीक्षा. तो टिकला नाही, हे आपण सगळे जाणतो. वाचणाऱ्याच्या डोळ्याला 'अि' रुचला नाही. उत्तर प्रदेशात आचार्य नरेंद्र देव यांच्या समितीनं 1947 मध्ये ही बाराखडी नाकारली. पण तो फसला तेव्हा का फसला ते कळलं होतं, कारण लोकांनी तो वापरून पाहिला होता.

याच्या उलट उदाहरण 1953चं. लखनौला देवनागरीसाठी मोठी परिषद भरली, डॉ. राधाकृष्णन अध्यक्ष. तिथं ठरलं की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे द्यायची नाही. तीही दुसऱ्या वेलांटीसारखी उजवीकडे द्यायची, फक्त तिचा दांडा आखूड. यंत्राच्या दृष्टीनं बघाल तर किती सोयीचं! आधी क, मग वेलांटी, बोलण्याच्याच क्रमानं. कागदावर काढून दाखवलं तर छानच दिसलं असेल. पण पोरांच्या हाताला 'कि' आणि 'की' यांत फरक उरला फक्त दांड्याच्या लांबीचा. हस्ताक्षरात तो कुठला टिकतो? निर्णय काही वर्षांत मागे घ्यावा लागला. सभागृहात बसलेल्या विद्वानांना व्याकरण येत होतं, यंत्राची अडचणही समजत होती. तिसरीतल्या पोराचा हात तेवढा त्या सभागृहात नव्हता.

आता वर्धा सोडून बरंच लांब जायचंय, कारण नमुना चालता असला की काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियात घडलं. पण त्याआधी जुनी पद्धत डोळ्यांपुढे आणा. 1964 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी 3600 नावाचा मोठा कॉम्प्युटर आला. प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. एक स्वल्पविराम चुकला की कागद चुकीचा यायचा, पुन्हा रांग. जगभर हीच तऱ्हा होती. अशा यंत्राशी संवाद कसला, अर्ज-विनंतीच ती. तहसीलमध्ये अर्ज टाकल्यासारखं. (हशा)

याला वैतागलेल्या लोकांनी संवादी भाषा केल्या. जॉन मॅकार्थींची लिस्प 1958ची. तिच्यात विचारा-उत्तर घ्या, विचारा-उत्तर घ्या असा खेळ पुढे रुजला. डार्टमथ कॉलेजात 1964 साली बेसिक आली, मुद्दाम गणिताबाहेरच्या पोरांसाठी. 1967ला लोगो आली, ती तर शाळकरी मुलांसाठी. ती करणाऱ्यांपैकी सीमोर पॅपर्ट हे गृहस्थ मुलांनी वस्तू करता करता शिकावं असं म्हणत. नई तालीमच्या गावात हे मी काय सांगणार. 1937 साली याच गावात झालेल्या शिक्षण परिषदेत टकळीवरून काय चर्चा झाली ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तुलना इथंच थांबवतो, नाहीतर चरखा येईल. (हशा)

पॅपर्ट यांची मुलं बघून भारावलेला एक तरुण होता, ॲलन के. त्याच्या डोक्यात एक वस्तू होती, मुलांनी काखेत मारून न्यावा असा कॉम्प्युटर. हे 1968चं. तेव्हा कॉम्प्युटर खोलीभर असायचे. मग त्यानं काय केलं? पुठ्ठ्याचा केला. आत शिशाचे बारीक गोळे भरले आणि वजन किती झालं तर उचलवेल ते हातात धरून पाहिलं. म्हणजे ज्याच्या नावावर पुढे जगातली एक थोर संवादी भाषा जमा झाली, त्याचा पहिला नमुना पुठ्ठ्याचा होता! हे मी मुद्दाम सांगतोय, कारण चित्र आणि पुठ्ठा यांना कमी लेखायचं माझ्या मनात नाही.

ती भाषा म्हणजे स्मॉलटॉक. झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या प्रयोगशाळेत 1972पासून के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग या मंडळींनी ती घडवली. एकावर एक येणाऱ्या खिडक्या, माउसनं निवडायचे मेन्यू, हे आज आपल्याला देवानं दिल्यासारखं वाटतं. ते तिथं वाढलं. 1979च्या डिसेंबरात ॲपलचा स्टीव्ह जॉब्स आपली माणसं घेऊन ते बघायला आला. गोल्डबर्गबाईंचा दाखवायला कडाडून विरोध होता, वरून हुकूम आल्यावर त्यांचा नाइलाज झाला. प्रात्यक्षिक चालू असताना पाहुण्यांकडून एक तक्रार आली. मजकूर वर सरकतो तो एकेक ओळ उडी मारत सरकतो, सलग सरकायला हवा. इंगल्सनं त्या चालू पडद्यावरच त्या कामाचा कोड उघडला, त्यात थोडा बदल केला आणि मजकूर सलग सरकू लागला. कॉम्प्युटर बंद केला नाही, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला नाही. पाहुणे उभेच होते.

या प्रसंगातून लोक वेगवेगळ्या गोष्टी काढतात. बहुतेकांना ॲपलनं काय उचललं यात रस. मला रस आहे तो त्या एका मिनिटात. पाहणाऱ्यानं तक्रार केली आणि बनवणाऱ्यानं तिथल्या तिथं वस्तू बदलली. तिथं नमुना वेगळा आणि माल वेगळा अशी विभागणीच नव्हती. जे दाखवत होते तेच चालत होतं, ज्यात चालत होतं त्यातच बदलत होतं.

मग ही विभागणी आली कुठून? याचा इतिहास मजेदार आहे, कारण चित्र काढायची बरीच साधनं संवादी भाषांच्याच पोटी जन्माला आली. फ्रान्समध्ये ज्याँ-मारी ह्युलो यांनी लिस्पमध्ये एक साधन केलं, पडद्यावर बटणं ओढून ठेवायची आणि ती लगेच चालायची. जॉब्सनं ते पाहिलं आणि त्यांना आपल्या नव्या नेक्स्ट कंपनीत घेतलं. तिथं त्याचं नाव झालं इंटरफेस बिल्डर. टिम बर्नर्स-ली यांनी 1990मध्ये जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्टच्या यंत्रावर, याच साधनाच्या मदतीनं. 1987ला ॲपलनं हायपरकार्ड दिलं, मॅकिंटॉशबरोबर फुकट. कार्डांचा गठ्ठा, कार्डावर बटण आणि बटणाच्या मागे बोलीसारख्या साध्या इंग्रजीतली भाषा. शाळामास्तरांनी, डॉक्टरांनी त्यात आपापली कामं बसवली. 'मिस्ट' नावाचा 1993चा जगभर गाजलेला खेळ त्यातच झाला. आणि मग व्हिज्युअल बेसिक. इथं चाळिशीच्या पुढचे जे आहेत त्यांनी कुठल्यातरी कॉम्प्युटर क्लासमध्ये ते केलंच असणार. त्याची जन्मकथा आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. ॲलन कूपर या माणसानं पडदा ओढून-ठेवून जुळवायचं एक साधन केलं होतं. मायक्रोसॉफ्टनं ते 1988मध्ये विकत घेतलं आणि आपल्याकडच्या बेसिक भाषेशी त्याचं लग्न लावून दिलं. 1991ला व्हिज्युअल बेसिक बाजारात आलं. चित्र काढणारा आणि भाषा बोलणारी, एका घरात. आपल्याकडच्या छोट्या शहरांत औषधाच्या दुकानाचा हिशेब, पतपेढीची खाती, शाळेच्या टीसी या जोडप्यानं वर्षानुवर्षं चालवल्या.

हे घर मोडलं वेब आल्यावर. वेबसाइट 'दिसायची कशी' हे ठरवणारा वेगळा झाला, तो फोटोशॉपमध्ये चित्र करायचा. ती 'चालवायची कशी' हे बघणारा वेगळा झाला. दोघांच्या खुर्च्या वेगळ्या, पगार वेगळे, पुढे तर शहरंही वेगळी. चित्रवाल्यांसाठी साधनं आली. 2010ला स्केच, 2016ला फिग्मा सगळ्यांसाठी खुलं झालं. गेल्या काही वर्षांत ही साधनं पुन्हा थोडी थोडी भाषेकडे सरकतायत, चित्रातल्या गोष्टींना नियम लावता येतात. तरी मुळात ती चित्रंच आहेत.

आता चित्राच्या बाजूनं बोलायला हवं, नाहीतर अन्याय होईल. 1981 ते 85 या काळात स्कँडिनेव्हियात युटोपिया नावाचा एक प्रकल्प झाला. तिथल्या छापखान्यांत कॉम्प्युटर येऊ घातला होता आणि जुळाऱ्यांच्या कामावर गदा येणार होती. त्यांच्या संघटनांनी संशोधकांना बरोबर घेतलं आणि म्हटलं, यंत्र कसं असावं ते आम्ही सांगणार. पण जुळाऱ्यांना प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. पहिल्यांदा कागदोपत्री वर्णनं करून पाहिली, ती कुणाला कळेनात. मग खोकी आणली, पुठ्ठे आणले. एका रिकाम्या खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असं लिहिलं, ते झालं प्रिंटर. लाकडाचा तुकडा हा माउस. भिंतीवर कागदी पडदे. आणि ज्या माणसानं आयुष्यभर खिळे जुळवले तो त्या कागदाच्या पडद्यापुढे उभा राहून सांगू लागला, हे इथं नको, मला पान पूर्ण दिसलं पाहिजे. कात्री घ्यायची, कापायचं, दुसरीकडे चिकटवायचं. स्मॉलटॉकमध्ये चालत्या वस्तूत बदल करायला इंगल्स लागतो. पुठ्ठ्यात बदल करायला कुणीही चालतो. पुठ्ठ्याची ताकद ती आहे. फिग्मातलं चित्र मात्र पुठ्ठ्यासारखं स्वस्त दिसतं आणि बदलायचा अधिकार ठेवतं खात्याचा पासवर्ड असलेल्या माणसाकडे.

आणखी एक गमतीचा प्रयोग. आयबीएमच्या जॉन गुल्ड आणि सहकाऱ्यांना बघायचं होतं की तोंडानं सांगितलेलं पत्र आपोआप टाइप करणारं यंत्र लोकांना आवडेल का. असं यंत्र तेव्हा नव्हतंच. मग त्यांनी माणसाला पडद्यापुढे बसवलं आणि दुसऱ्या खोलीत एक टंकलेखिका बसवली. हा बोलायचा, ती टाइप करायची, याच्या पडद्यावर अक्षरं उमटायची. 1983मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या कोर्टाबाहेर हा प्रयोग कितीतरी वर्षं चालूच होता म्हणा. (हशा) पण बघा, यंत्र खोटं होतं आणि संवाद खरा होता. म्हणजे चित्र विरुद्ध भाषा हा झगडा आपण समजतो तितका सरळ नाही. वस्तू उत्तर देते की नाही, ही खरी कसोटी.

1983 म्हटलं की आपल्या नागरीकडे परत येता येतं. 1975च्या जानेवारीत नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं, यजमान वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती. आज वर्ध्यात जे हिंदी विश्वविद्यालय आहे, 1997चं, त्याच्या मागणीचं मूळ तिथं आहे. तिसरं संमेलन 1983ला दिल्लीत झालं आणि तिथं आयआयटी कानपूरच्या लोकांनी देवनागरी चालवणारा कॉम्प्युटर आणून दाखवला. तो नमुना होता आणि चालता होता. तेच काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट या नावानं वाढलं. त्यातली मोठी गोष्ट अशी : कळ दाबली की आकार उमटतो, हे टाइपरायटरचं गणित त्यांनी मोडलं. तुम्ही फक्त अक्षर सांगायचं, बोलण्याच्या क्रमानं. क, मग पहिली वेलांटी. ती वेलांटी उचलून डावीकडे नेऊन ठेवायचं काम यंत्रातल्या नियमाचं. 'क', हलन्त आणि 'ष' सांगितलं की 'क्ष' तो काढेल. लखनौच्या परिषदेनं जे वाचकाच्या डोळ्याकडून करून घ्यायचा प्रयत्न केला, ते इथं यंत्राकडून करून घेतलं.

1986च्या इन्स्क्रिप्ट कळफलकात हे प्रमाण झालं. तो नीट बघा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क आणि ख एकाच कळेवर, शिफ्ट धरलं की ख. पहिली वेलांटी आणि 'इ' एकाच कळेवर, उकार आणि 'उ' एकाच कळेवर. आता आठवा, 'अ'ची बाराखडी काय म्हणत होती? 'इ' हे वेगळं काही नाही, ते वेलांटीचंच दुसरं रूप. डोळ्यांनी नाकारलेली गोष्ट बोटांखाली येऊन बसली आणि कुणाला खटकली नाही. कुणी वर्ध्याचा अहवाल वाचून हे केलं, असा माझा दावा नाही. तर्क तोच होता आणि यावेळी तो दाखवायची जागा बरोबर मिळाली.

पण मधल्या काळात आपल्या कचेऱ्यांनी आणि छापखान्यांनी दुसरी वाट धरली होती आणि तिचे परिणाम आपण अजून भोगतोय. सगळ्यांची बोटं टाइपरायटरवर बसलेली, म्हणून कॉम्प्युटरवरही टाइपरायटरच आणला. कृतीदेव, शिवाजी असे फाँट. यांत होतं काय? इंग्रजी अक्षरांच्या अंगावर मराठी तुकड्यांची चित्रं चढवलेली असतात. कृतीदेवमध्ये 'वर्धा' टाइप करा. तुम्हाला वर्धा दिसतं. कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं? इंग्रजी ओ, एक तिरकी रेघ, के, के आणि झेड. तो दुसरा के काना आहे आणि पहिला के 'ध'चा दांडा आहे, हे फक्त तुमच्या डोळ्याला ठाऊक. सुरुवातीला म्हटलं होतं ना, यंत्राला दांडा तेवढा कळतो. फाँट बदलला की गावाचं नाव गेलं. शोधायला जा, सापडत नाही. गावांची यादी अकारविल्हे लावा, भलतंच काहीतरी लागतं. दिसतं तसं नसतं, ही म्हण इतक्या तंतोतंत मला दुसरीकडे भेटलेली नाही.

फिग्मातलं चित्र आणि कृतीदेवमधला मजकूर माझ्या लेखी एकाच जातीचे आहेत. दोन्ही माणसाला पटतात, यंत्राला कळत नाहीत. नमुना असेपर्यंत त्यात काही वाईट नाही. पण नमुन्यालाच माल समजून दप्तरात लावला की पंचाईत होते, आणि कृतीदेवच्या बाबतीत आपण अख्ख्या फायली तशा लावल्यात.

शेवटी माझा स्वतःचा अनुभव सांगतो, संस्थेचं नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात कापूस विकायला येणाऱ्यांची नोंदणी टचस्क्रीनवर करायचं ठरलं. मी मदतीला होतो. बाहेरून चित्रं आली, फार देखणी. मोठं बटण, पांढऱ्या बोंडाचं चित्र, नावाच्या चौकटीत 'रमेश', गावाच्या चौकटीत 'देवळी'. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. मग ती चित्रं टॅबवर घालून आम्ही आवारात गेलो. गाड्यांची रांग होती. एका बाईंच्या हातात दिलं. त्यांनी तीन चित्रं पार केली आणि विचारलं, "चुकलं तं वापस कसं जाचं जी?" मागे जायला काही नव्हतंच. चित्र काढणाऱ्यानं चुकायची सोय ठेवली नव्हती, कारण चित्रात कुणी चुकत नाही. मी कळवलं. नवं चित्र आलं आठवड्यानं, तोवर आवारातली गर्दी ओसरत आली होती.

दुसऱ्या हंगामात मी लॅपटॉपवर एक साधं पान लिहून नेलं, दिसायला अगदी गबाळं, पण चालणारं. तिथंच बाकावर बसलो. कुणी म्हणालं क्विंटल आणि किलो एकत्र नको, दोन चौकटी केल्या. नावाची चौकट अपुरी पडली, कारण आपल्याकडे माणूस नाव, बापाचं नाव, आडनाव असा पूर्ण येतो. ती वाढवली. दिवसभरात तीस-चाळीस बदल झाले असतील. त्याच बाई पुन्हा आल्या होत्या. मागे जायचं बटण त्यांनी दोनदा दाबून बघितलं, पुढे गेल्या, मागे आल्या. मग गावाच्या यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, "देवळी होय जी आमचं, देवली नाही."

चित्रात ते 'देवळी' असं बरोबर लिहिलेलं होतं, कुणीतरी हातानं लिहिलं होतं ना. माझ्या चालत्या पानावर मात्र खरी यादी येत होती आणि त्या यादीत 'ळ' नव्हता. मी कोड उघडला, शोधलं. यादी माझ्याकडे नव्हतीच, ती दुसऱ्या शहरातल्या कॉम्प्युटरवरून येत होती आणि तिला हात लावायची परवानगी मला नव्हती. बाईंना म्हटलं, हे मला इथून होत नाही. त्यांनी 'देवली'वर बोट दाबलं, पावती घेतली आणि गाडीकडे गेल्या.

तुमचे प्रश्न असतील तर घेऊ या.